डांबरी रस्ता किती वर्षं टिकायला हवा, आणि आपला का टिकत नाही?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.

सुरुवात माझ्या गल्लीपासून करतो. मार्च महिन्यात आमच्याकडे डांबरीकरण झालं. काळाकुळकुळीत, गुळगुळीत रस्ता. पोरांनी लगेच क्रिकेटच्या रेघा मारल्या. जूनमध्ये पाण्याच्या लाईनसाठी मधोमध चर खणला गेला. पाईप टाकला, माती परत लोटली, वरून थोडी खडी टाकली आणि माणसं पुढच्या गल्लीत गेली. पहिल्या मोठ्या पावसात चर खचला. ऑगस्टमध्ये शेजारच्या काकूंची स्कूटी त्यात गेली. मनगट मोडलं, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. मी भेटायला गेलो तर काकू एकच वाक्य बोलल्या, "अरे, रस्ता तर आत्ताच केला होता ना?"

आजचा एपिसोड काकूंच्या या प्रश्नावर आहे.

आधी थेट उत्तर

नीट बांधलेला डांबरी रस्ता १५ ते २० वर्षं टिकायला हवा. हा आकडा माझा नाही. भारतात रस्त्यांचे नियम इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आयआरसी ठरवते. त्यांच्या २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग आणि शहरी रस्ते यांचं डिझाइन २० वर्षांसाठी करा, आणि बाकीच्या रस्त्यांचं १५ वर्षांसाठी, असं सांगितलंय.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. २० वर्षं म्हणजे वरचा काळा थर २० वर्षं टिकणार असं नाही. वरचा थर झिजण्यासाठीच असतो. साधारण ५ ते ७ वर्षांनी तो नवा करावा लागतो. २० वर्षं टिकतो तो खालचा सांगाडा. तुमच्या बाईकचं उदाहरण घ्या. बाईक पंधरा वर्षं चालते, पण टायर आणि ऑइल बदलत राहिलात तरच. ऑइल कधीच बदललं नाही आणि इंजिन बसलं, तर दोष कंपनीला देता येत नाही.

काळ्या थराखाली काय असतं?

डांबर म्हणजे रस्ता नाही. डांबर हा फक्त डिंक आहे. वरच्या मिश्रणात वजनाने साधारण ५ टक्के डांबर असतं, बाकी सगळी खडी आणि बारीक भुकटी. आणि आपण ज्याला डांबर म्हणतो ते आता कोळशापासूनचं जुनं डांबर नसतं. ते बिटुमेन असतं, कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढल्यावर रिफायनरीत तळाशी उरणारा जाड भाग. म्हणूनच गाडीतून डिझेल सांडलं की त्या जागी रस्ता मऊ पडतो. दोघं एकाच घरचे, एकमेकांत विरघळतात.

आता रस्ता उभा कापला तर काय दिसेल? सगळ्यात खाली दाबलेली जमीन. तिच्यावर मुरूम आणि खडीचा थर, जो वजन पसरवतो आणि पाणी बाहेर काढतो. त्यावर पाणी घालून दाबलेली मोजक्या आकाराची खडी. मग डांबर मिसळलेला जाड थर. आणि सगळ्यात वर ३ ते ५ सेंटीमीटरचा तो काळा थर, ज्याला कामावरची माणसं "कारपेट" म्हणतात.

कारपेट दिसतं म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. उद्घाटनाचा फोटोही त्याचाच निघतो. पण ट्रकचं वजन पेलतात ते खालचे थर.

आपल्याकडे माल वाईट आहे का? अजिबात नाही. संभाजीनगरच्या आजूबाजूचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. रस्त्याच्या कामाला तो उत्तम दगड आहे. टणक आहे, आणि ग्रॅनाइटपेक्षा डांबर त्याला जास्त घट्ट धरतं. म्हणजे खडी आपल्या बाजूने आहे.

रस्ता कशाने मरतो?

तीन गोष्टींनी. ऊन, वजन आणि पाणी.

पहिलं ऊन. मे महिन्यात सिडकोत किंवा औरंगपुऱ्यात बाईक साइड स्टँडवर लावा आणि तासाभराने बघा, स्टँड डांबरात रुतलेला असतो. हवेचं तापमान ४०-४२ असतं तेव्हा काळा रस्ता ६० अंशांच्या पुढे तापतो. डांबर तेवढ्यापुरतं मऊ होतं, हे आपल्याला दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की ऊन आणि हवा लागून डांबरातला तेलकटपणा वर्षागणिक कमी होतो. रस्ता काळ्याचा करडा होतो, कडक होतो, आणि मग त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. रस्ता करडा दिसायला लागला की समजा, त्याला ऑइल बदलायची वेळ आली.

दुसरं वजन. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर दोन वर्षं ट्रक फिरवले गेले. त्यातून एक नियम निघाला, जो आजही जगभर वापरतात. चाकांच्या एका जोडीवरचं, म्हणजे एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे १६ पट होतं. हिशेब करा. सव्वा टनाच्या कारच्या एका एक्सलवर सव्वासहाशे किलो येतात. भरलेल्या ट्रकच्या एका एक्सलवर १० टन. वजन १६ पट, पण नुकसान ६५ हजार पट! म्हणजे तुमची स्कूटी आणि कार रस्ता खराब करतच नाहीत असं म्हटलं तरी चालेल. जालन्याची सळई, वाळूज आणि शेंद्र्याचा माल, वाळू-खडीचे हायवा, यांच्या वजनावर रस्त्याचं आयुष्य ठरतं. त्यात २०१८ मध्ये केंद्र सरकारने एका एक्सलवरची परवानगी १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टन वाढलं, पण त्याच नियमाने नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. आणि हे कायदेशीर वजनाचं झालं, ओव्हरलोडचं वेगळंच.

तिसरं पाणी. हा खरा खलनायक. बारीक भेगेतून पाणी आत जातं. वरून टायर गेला की ते पाणी पिचकारीसारखं दाबलं जातं आणि खडीवरचं डांबर सोलून काढतं. पुढच्या टायरला पुन्हा तेच. असं हजारो वेळा झालं की एक तुकडा निघतो. तो झाला खड्डा. खड्ड्यात पाणी साचतं, ते खालच्या मुरुमात जातं, मुरूम मऊ होतो, आणि मग खड्डा कडेकडेने मोठा होत जातो.

आपल्या भागात आणखी एक भर आहे ती काळ्या मातीची. कापसाला चांगली, रस्त्याला वैरी. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात उन्हाळ्यात तुम्ही पाहिलंच असेल. अशा मातीवर रस्ता करायचा तर ती माती काढून चांगला मुरूम भरावा लागतो, किंवा तिच्यात चुना मिसळावा लागतो. हे न करता वर कितीही महागडं कारपेट टाकलं तरी दोन पावसाळ्यांत रस्ता लाटांसारखा वरखाली होतो.

"पण आपल्याकडे पाऊसच लई पडतो ना!"

हे कारण मी लहानपणापासून ऐकतोय. म्हणून पुण्याचा किस्सा सांगतो. काहींनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर वाचला असेल.

१९७३ च्या पावसाळ्यात पुण्यातले रस्ते पार उखडले. तेव्हा श्रीकांत शिरोळे हे तरुण नगरसेवक महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी साधा विचार केला. मुंबईत पुण्याच्या तिप्पट पाऊस पडतो, तरी तिथले काही रस्ते शाबूत कसे? चौकशीतून रेकॉन्डो या कंपनीचं नाव पुढे आलं. तिला जंगली महाराज रस्त्याचं काम दिलं गेलं, आणि कंपनीने दहा वर्षांची लेखी हमी दिली. १ जानेवारी १९७६ ला रस्ता सुरू झाला. दहा वर्षं होऊन गेली, पुढे कित्येक दशकं उलटली, आणि खड्डे न पडणारा रस्ता म्हणून जे. एम. रोडचं नाव राज्यभर झालं.

आता बघा, पुण्याचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास. संभाजीनगरचाही जवळपास तेवढाच! दगडही तोच, काळा बेसाल्ट. मग फरक कशात? त्या रस्त्यात जादूचं रसायन नव्हतं. गरम मिश्रण नीट टाकलं, नीट दाबलं, आणि दहा वर्षं जबाबदारी कोणाची हे आधीच कागदावर ठरलं होतं.

नीट टाकणं, दाबणं म्हणजे काय, त्याचेही आकडे आहेत. आपल्याकडे नेहमी वापरलं जाणारं व्हीजी-३० डांबर घेतलं, तर प्लांटमध्ये मिश्रण १५० ते १६५ अंशांवर बनतं. रस्त्यावर पसरताना ते किमान १४० अंश हवं. आणि रोलरचं काम ते ९० अंशांच्या खाली जायच्या आत उरकायला हवं. डंपर ट्रॅफिकमध्ये अडकला, ताडपत्री झाकली नाही, की माल थंड. थंड माल कितीही रोलर फिरवला तरी दाबला जात नाही. आत हवेची भोकं राहतात. ती ८ टक्क्यांच्या वर गेली की पाणी आरामात आत शिरतं. वरून रस्ता मात्र तितकाच काळा आणि गुळगुळीत दिसतो. पुढच्या वर्षी कळतं.

दुसरा आकडा उताराचा. रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना खाली हवा. एक मीटरला दोन ते अडीच सेंटीमीटर. सात मीटर रुंद रस्ता असेल तर मध्यभाग कडेपेक्षा ७ ते ९ सेंटीमीटर उंच. आणि कडेला गटार हवं, उघडं, वाहतं. आपल्याकडे थरावर थर टाकत रस्ता उंच होतो, गटाराचं तोंड बुजतं, दुकानं खाली जातात, आणि पाणी रस्त्यावरच मुक्काम करतं. म्हणून नवा थर टाकण्याआधी जुना थर मशीनने खरवडून काढायचा असतो. त्याला मिलिंग म्हणतात.

खालचं आधी, वरचं नंतर

आता आपल्या शहराच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ.

आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे मी सांगायला नको. पाच दिवस, आठ दिवस, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जायकवाडीतून नवी योजना आणायचं ठरलं, १६८० कोटींची. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं. जायकवाडीकडून येणारा मुख्य पाईप अडीच मीटर व्यासाचा, आणि शहरात गल्लोगल्ली नव्या लाईन. त्यासाठी खोदावंच लागणार. मी खोदकामाच्या विरोधात नाही. पाणी रस्त्यापेक्षा मोठं आहे.

प्रश्न दोनच आहेत. पहिला, क्रम. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, इंटरनेट, जे काही जमिनीखाली जायचंय ते आधी. डांबर सगळ्यात शेवटी. आमच्या गल्लीत उलटं झालं, मार्चमध्ये डांबर आणि जूनमध्ये पाईप.

दुसरा प्रश्न, चर भरायचा कसा. काढलेली मातीच परत लोटली तर ती पावसात बसणारच. नीट पद्धत अशी: पाईपभोवती बारीक माल. मग मुरूम १५-२० सेंटीमीटरच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून, यंत्राने दाबून. वर खडी, तीही दाबून. मग चराच्या दोन्ही बाजूंचं जुनं डांबर थोडं जास्त रुंद, सरळ रेषेत कापायचं, कडांना डांबर लावायचं आणि मग वरचा थर. म्हणजे जुना-नवा सांधा चराच्या कडेवर न येता पक्क्या जमिनीवर येतो.

हे मी एवढं लावून धरतोय त्याला कारण आहे. पाईपलाईन झाली की शहरात पुन्हा रस्ते होणार. आज चर जसा भरला जाईल, त्यावरच उद्याचा रस्ता उभा राहील. खाली पोकळ राहिलं तर वरचा २० वर्षांचा रस्ता दोन वर्षांत बसेल, आणि आपण पुन्हा पावसाला शिव्या देऊ.

देखभाल म्हणजे खड्डे बुजवणं नव्हे

खड्डा पडला म्हणजे देखभाल राहून गेली. खरी देखभाल त्याच्या आधीची. तिचं वेळापत्रक साधारण असं:

दरवर्षी पावसाळ्याआधी: गटारं आणि चेंबरची तोंडं साफ करणं. साइडपट्टीची माती रस्त्यापेक्षा उंच झाली असेल तर ती खरवडणं, नाहीतर कडेला पाणी अडतं. सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि सगळ्यात जास्त राहून जाणारंही हेच.

भेगा दिसल्या की: स्वच्छ करून त्यात गरम डांबर भरणं. कोरड्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर.

रस्ता करडा पडला की, तीन ते पाच वर्षांनी: सीलकोट, म्हणजे डांबराचा पातळ हात आणि त्यावर बारीक खडी. मोठ्या रस्त्यांवर मायक्रोसरफेसिंग नावाचा पातळ थर मशीनने टाकतात.

पाच ते सात वर्षांनी: वरचं कारपेट नवं.

वेळ का महत्त्वाची? रस्ता एका चालीने खराब होत नाही. बरीच वर्षं तो हळूहळू उतरतो, आणि मग शेवटच्या थोड्या काळात धाडकन कोसळतो. कोसळण्याआधी केलं तर पातळ थरात भागतं. नंतर मुरुमापर्यंत उकरावं लागतं, आणि खर्च कित्येक पट होतो.

आणि खड्डा पडलाच तर? मुरूम टाकून बुजवणं ही मलमपट्टी, दोन दिवसांत चिखल. नीट काम म्हणजे खड्डा चौकोनी कापायचा, सैल माल काढायचा, कोरडा करायचा, तळाला आणि बाजूंना डांबर मारायचं, माल थरांत भरून दाबायचा, आणि शेवटी कडा डांबराने बंद करायच्या. भर पावसात गरम डांबर चालत नाही, तेव्हा पिशवीतलं थंड मिश्रण वापरतात. पण तेही दाबावं लागतं, नुसतं ओतून चालत नाही.

आपण काय करू शकतो?

पहिलं, आपल्या हाताने होणारं नुकसान थांबवू. गाडी रोज रस्त्यावर धुणं, घराचं सांडपाणी रस्त्यावर सोडणं, मंडपासाठी पहारीने भोकं पाडणं आणि ती तशीच सोडणं. मंडप टाका की, पण वाळू भरलेल्या ड्रममध्ये खांब उभे राहतात. होळी पेटवताना खाली मातीचा जाड थर द्या, नाहीतर तेवढं डांबर जळतं आणि पावसाळ्यात तिथेच खड्डा पडतो.

दुसरं, एक शब्द लक्षात ठेवा: दोष दायित्व कालावधी. काम झाल्यावर ठरावीक वर्षं रस्ता बिघडला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत हा काळ ५ वर्षांचा असतो, आणि रस्त्याकडेच्या पाटीवर लिहिलेलाही असतो. तुमच्या रस्त्याचा किती आहे? माहितीच्या अधिकारात विचारा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. कार्यारंभ आदेशाची तारीख, दोष दायित्व कालावधी, थराची जाडी आणि खोदकामानंतर रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, एवढं विचारलं तरी पुरे.

तिसरं, फोटो. रस्ता झाला त्या दिवशी एक, चर पडला त्या दिवशी एक, पावसानंतर एक. तारखेसकट. आणि आधी शोधा की रस्ता कोणाचा, महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, महामार्ग प्राधिकरणाचा की एमआयडीसीचा. चुकीच्या दारात दिलेली तक्रार फिरतच राहते.

आणि हे फोटो कामाला येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख. चांगला रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे, हे कोर्टाने याआधीही सांगितलंय.

काकूंना काय सांगितलं?

प्लास्टर निघाल्यावर पुन्हा गेलो. म्हटलं, "काकू, रस्ता नवा होता, पण वरून. खालचं कुणी केलंच नव्हतं." काकू हसल्या, म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी काम चालू असताना खुर्ची टाकून बसते तिथंच."

मला वाटतं, बसाच. तुमच्या गल्लीत उद्या चर भरला जाईल तेव्हा पाच मिनिटं थांबा. थरांत भरतायत का? दाबतायत का? नसतील तर व्हिडिओ काढा आणि शांतपणे विचारा. काळा थर पडल्यावर विचारून उपयोग नाही, कारण तेव्हा सगळं झाकलेलं असतं.

तुमच्या भागातला सगळ्यात जास्त वर्षं टिकलेला रस्ता कोणता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोवर हेल्मेट घाला, आणि पाणी साचलेल्या जागेवरून गाडी नेऊ नका. खाली किती खोल आहे, ते पाण्यावरून कळत नाही. भेटूया!